कडब्याखालचा कूलर

आमच्या शेजारच्या लीलाबाईंचा देवावर विश्वास आहे, पुजाऱ्यावर नाही. सिलिंडर आलं की त्या ते आधी वजनकाट्यावर चढवतात, मगच आत घेतात. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात त्यांना फसवू शकलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या मालकांना, खुशालरावांना, शेतात ऊन लागलं. डॉक्टरांनी बजावलं की दुपारी यांना थंडाव्यात ठेवा. घरात पत्र्याचा जुना कूलर होता, पण तो लावला की मीटर पळायचं. बाई तासाभरात बंद करायच्या आणि खुशालराव डोक्यावर ओला पंचा घेऊन उरलेली दुपार काढायचे.

यंदा एप्रिलमध्ये गावात वीजबचतीची योजना आली. वर्षाली नावाची अमरावतीची मुलगी घरोघरची विजेची उपकरणं लिहून घेऊ लागली. कूलर दिसला की रेशनकार्डावरून नाव उडतं, असं लीलाबाईंनी परतवाड्याच्या प्रवासी जीपमध्ये कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी एकटीनं कूलर गोठ्यात ओढत नेला, त्यावर कडबा रचला आणि साक्षीला मला आणून बसवलं.

"काकू, कूलर हाय का?"

"कुठचा कूलर वं पोरी? एक पंखा हाय, थो बी रडत रडत फिरते."

वर्षालीनं लिहिलं, सही घेतली. मग म्हणाली, "असता त बरं झालं असतं. जुना देऊन नवा भेटते, कमी विजेचा. दिवसभर लावला तरी चालते."

मला वाटलं, आता बाई बोलतील. त्यांनी डोळे बारीक केले. हा आपल्याला बोलतं करायचा डाव आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

तेवढ्यात आतून खुशालराव म्हणाले, "अवं, हाय ना आपला कूलर! गोठ्यात कायले नेऊन ठेवला?"

वर्षालीनं पुन्हा पेन उघडलं.

"त्यायचं नको लिहू," लीलाबाई घाईनं म्हणाल्या. "ऊन लागल्यापासून त्यायचं डोकं ठिकाणावर नाही. काहीबाही बोलत राह्यतात."

साक्षीला बसूनही मी खरं सांगितलं नाही, त्याची मला आजही लाज वाटते. वर्षाली पुढच्या घरी गेली.

दुपारी बाईंनी कडबा उपसला. मी हात लावला आणि कूलर खुशालरावांच्या खाटेपाशी आणून ठेवला. बाईंनी पाणी भरलं, बटणाकडे हात नेला.

खुशालरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "राहू दे वं," ते म्हणाले. "आपल्या घरी कूलर नाही."