एक बोट की तळहात

माझ्या मामांइतका चिडका माणूस भीमाशंकरच्या कड्यापासून जुन्नरच्या बाजारपेठेपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्या चिडण्याचं कारण बहुतेक वेळा स्नायू हेच असायचं. तरुणपणी त्यांनी जत्रांमधल्या कुस्त्या मारल्या, पुढे जन्मभर घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे शिनोलीच्या रस्त्याला कुणी कंबरेतून वाकून पोतं उचलताना दिसलं की ते हातातला चहा ठेवून त्याला झापायला जायचे. भीमाशंकरच्या पायऱ्यांवर धडधाकट भाविक डोलीत बसलेले पाहून तर त्यांचं दर्शनातलं लक्षच उडायचं. “मांड्या काय घरी ठिवून आलात का?” असं एका अनोळखी पाहुण्याला विचारून त्यांनी त्याला डोलीतून खाली उतरवलं होतं.

त्यांच्या मते माणसाच्या अंगात तीन प्रकारचे गडी राबतात. पहिला हाडाला बांधलेला. सांगाल तेव्हा हलतो, पण दमतो, कुरकुरतो, आणि त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून कोपर वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा, अशी जोडी लागते. दुसरा जठरात, आतड्यांत, रक्तवाहिन्यांत. तो कुणाचं ऐकत नाही, आपल्या चालीनं काम उरकतो. हे पटवायला मामांनी भर वर्गात शीर्षासन करून केळं खाल्लं होतं. नेमके मुख्याध्यापक दारात आले, तर मामा उलट्या तोंडानं त्यांच्यावरच खेकसले, “थांबा जरा, अजून पोटात पोचलं न्हाई.” तिसरा गडी छातीतला. तोही ऐकत नाही, पण जन्मापासून सुट्टी घेत नाही. त्याच्याबद्दल बोलताना मात्र मामांचा आवाज खाली यायचा. “त्यो मेला की परत उगवत न्हाई,” एवढंच म्हणायचे.

भरलेले खांदे, लचकलेल्या कंबरा घेऊन लोक त्यांच्या ओट्यावर यायचे. तेल लावण्याआधी मामा विचारायचे, कुठं दुखतंय? एका बोटानं जागा दाखवली तर मालिश. अख्खा तळहात छातीवर ठेवला तर तेलाची वाटी बाजूला सारून त्याला तसाच दवाखान्यात पिटाळायचे. मालिश आणि हा नियम, दोन्ही त्यांनी मला लहानपणीच शिकवलं. मी मंचरला कारकुनी करतो. रविवारी त्यांच्या हाताखाली बसायचो.

तशाच एका रविवारी माझ्या मुलीला बघायला आलेली मंडळी मी मामांकडे नेली. अवसरीचे लोक, चांगलं स्थळ. मामांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं, पोटात बोट खुपसलं आणि सांगितलं, “आमचा भाचा. पोटाचा स्नायू हाय, पण बदलीवर गेलाय.” सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंडळी गेल्यावर मामा शेतात चक्कर मारून आले ते घामानं थबथबलेले. ओट्यावर बसले. “खांदा भरलाय, चोळ जरा,” म्हणाले आणि छातीवर तळहात ठेवला. अख्खा तळहात.

मला तो दिसला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला दिसला, कळलाही, आणि मी वाटीत तेल ओतलं. बोललो असतो तर ‘मला शिकवतोस का’ म्हणून खेकसले असते. आणि त्याहून वाईट म्हणजे, एकदा यांचंही चुकू दे, असं मला वाटलं. तासभर मी त्यांचा खांदा चोळत होतो. मग त्यांना उलटी झाली आणि मी शेजारच्याची जीप आणायला पळालो.

मामा वाचले. उशीर झाला, हृदयाचा काही भाग कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि चिडायला बंदी घातली. तेव्हापासून लोक त्यांच्या डोळ्यांदेखत वाकडेतिकडे वाकून पोती उचलतात आणि मामा गप्प बघत राहतात. मला त्या गप्पपणाचा भयंकर राग येतो. त्याहून जास्त माझा.

परवा भीमाशंकरला जायचं त्यांनीच काढलं. पायऱ्यांपाशी पोचल्यावर एक शब्द न बोलता ते डोलीत बसले. खाली देवळात दर्शन घेऊन पायऱ्यांनी परत वर येताना डोलीवाले अर्ध्या वाटेत दम खायला थांबले, पाणी प्यायला जरा लांब गेले. मी मामांच्या पायाशी बसलो आणि सांगून टाकलं, “मामा, त्या दिवशी मला तुमचा तळहात दिसला होता.”



“म्हनून तर ठिवला व्हता,” ते म्हणाले. “तोंडानं म्हनवंना. भ्या वाटत व्हतं. म्हटलं, ह्याला शिकवलंय, ह्यो वळखंल.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि कुठल्या स्नायूवर, तेही सांगितलं नाही.

डोलीवाले परत आले. पुढचा गडी वाकून दांड्याला हात घालणार, तोच मामा कडाडले, “पाठीनं न्हाई रं, मांडीनं उचल!”

डॉक्टरांची बंदी आठवून मी त्यांना आवरायला हवं होतं. पण मी गप्प त्यांच्या मागून पायऱ्या चढत राहिलो. पुढच्या वळणावर ते डोलीवाल्यावर पुन्हा खेकसले, आणि मला इतकं बरं वाटलं की मग त्या बरं वाटण्याचीही भीती वाटायला लागली.