चाकूरच्या दारात थांबलेली बाई

अप्पांचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. चाकूरला दारू सोडलेल्यांचा गट आहे, अप्पा त्यातलेच. त्यात आता तिघंच उरलेत, तेही साठीपुढचे. त्यातच एक बाई दर रविवारी येते, दाराबाहेर थांबते आणि तशीच निघून जाते. "ताई, तुम्ही एकदा या. आमचं काय चुकून राहिलं, कळंना," अप्पा म्हणाले. नांदेडच्या गटात मी एकटीच बाई. आपल्याला मिळालं ते पुढच्याला द्यावं, ही आमच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांतली शेवटची पायरी. निघाले.

नांदेडहून लातूरची एसटी लोहा, अहमदपूर करत चाकूरला जाते. तीनेक तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी उजवीकडे बसा, ऊन लागत नाही. लोह्याला सुशीला मिळाली तर सोडू नका: भिजवलेल्या चुरमुऱ्यांना झणझणीत फोडणी, वर शेंगदाणे आणि लिंबू. मी दोन प्लेट खाल्ल्या. आता व्यसन म्हणायचं तर एवढंच.

मीटिंग शाळेच्या एका खोलीत भरते. दारातच पांडुरंगमामा नावाच्या सदस्यांनी हात जोडून मला अडवलं. "पिणाऱ्यांच्या घरच्या बायांची मीटिंग लातूरला असती, ताई. हितं पिणारे बसतेत."

"मग बरोबर आले," मी म्हणाले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या बाईंनाही हेच सांगितलं का, असं मी आत बसलेल्या अप्पांना विचारलं. अप्पांचं कापडाचं दुकान आहे, बोलण्यात ते कुणाला हार जात नाहीत. पण आता त्यांनी खाली मान घातली. सांगितलं होतं, पहिल्याच रविवारी.

तेवढ्यात ती आली. हिरवं लुगडं, वय पन्नाशीचं. तिला इथे सुमन म्हणू. मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले आणि मीही प्यायचे, हे सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या घरी कुणी पीत न्हाई," ती हळूच म्हणाली. "म्याच पिते."

मग तिने चपला काढल्या आणि आत आली. मामांनी पंख्याखालची आपली खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली. मला इतका आनंद झाला की सुरुवातीची प्रार्थना म्हणताना दोनदा चुकले. निघताना तिला माझा नंबर दिला.

मुक्काम लातूरला भाचीकडे केला. रात्री गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला, पिवळाधमक आणि तिखट. त्यासाठी पोटात जागा ठेवून जा.

घरी परतल्यावर बरंच काही मनात घोळत राहिलं. आमच्या प्रत्येक मेळाव्यात हीच काळजी असते: नवीन माणसं येत नाहीत, पुढे गट कोण चालवणार? आता वाटतं, येणारे येतातही, आपणच त्यांना दुसऱ्या दाराचा पत्ता देतो.

गुरुवारी भाजी फोडणीला टाकत होते, तेव्हा सुमनचा फोन आला. आज नांदेडला मीटिंग असते ना, म्हणून विचारत होती. लातूर जवळ हाय, पण तिथं ओळखीचे लई हायेत, म्हणाली. असते, पण तू येणार कशी, असं मी विचारलं.

"एसटीतच बसलीय की. लोहा मागं पडलं."

मी गॅस बंद केला, भाजी तशीच ठेवली आणि स्टँडकडे निघाले.