सिस्टर आजारी पडल्या तेव्हा

"आता माझ्याशी कुनी बोलायचं न्हाय. मी भांडायला चाल्ले," असं बजावून सिस्टर रोज दुपारी दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली जायच्या. हात कमरेवर, नजर आभाळाकडं आणि तोंडून खडखडीत जर्मन. दहा मिनिटांनी घाम पुसत परत यायच्या. "हं, पुढचा पेशंट!"

सोलापूरजवळ, होटगीच्या पुढं त्यांचा छोटा मिशन दवाखाना होता. तिथं मी औषधं द्यायचो. एकदा भीत भीत विचारलं, "सिस्टर, भांडता कुणाशी?"

"देवाशी. दुसऱ्या कुनाशी भांडू? तुमी सगळे आजारी हाय की!"

त्यांचं मराठी मेंढरं राखणाऱ्या बायांकडून शिकलेलं. एकदा एक बडे साहेब पाहणीला आले आणि सिस्टरांच्या खुर्चीत बसून विचारते झाले, "आपणांस इथे काही अडचण?"

"लई हाय. पानी न्हाय, लाइट न्हाय, आन् तुमी माझ्या खुर्चीत बसलाय."

साहेब उभे राहिले ते जाईपर्यंत बसले नाहीत.

अशा बाईला एका मे महिन्यात टायफॉइड झाला. ताप उतरेना. चौथ्या दिवशी चादर बदलताना मला उशीखाली गोळ्या सापडल्या. सगळ्याच्या सगळ्या.

"सिस्टर, हे काय?"

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. "मी लई दमले रे. तापात कुनी उठवत न्हाय."

मी सरळ मायाक्का आजीकडं गेलो. साखरेची जुनी पेशंट. गोळ्या चुकवते म्हणून सिस्टरांची सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेली. ती काठी टेकत आली आणि उशाशी बसली.

"आ कर. गीळ. आता जीभ वर कर."

सिस्टरांनी निमूटपणे जीभ वर केली.

"ताप गेला तरी आठ दिस उठायचं न्हाय. दार मी धरते."

आणि खरंच धरलं. जास्त आजारी दिसेल त्याला ती माझ्याकडं सोडी, मी त्याला रिक्षानं सोलापूरला धाडी. बाकीच्यांना काठी दाखवून एकच उत्तर, "सिस्टर बाजारला गेल्यात."

आठ दिवस बाजार? पण विचारायची कुणाची छाती नव्हती.

नवव्या दिवशी सिस्टर उठल्या आणि कडाडल्या, "इतके पेशंट परत धाडले?"

"मेलं का कोन?" मायाक्कानं विचारलं.

सिस्टरांनी विचार केला. "न्हाय की," म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. हसता हसता रडल्या. तेव्हापासून दवाखाना दुपारी दोन तास बंद राहू लागला.

गेल्या एप्रिलमध्ये संस्थेनं वयामुळं त्यांना मायदेशी बोलावून घेतलं. सोलापूर स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. मायाक्कानं काळं घोंगडं आणलं होतं. "तिकडं लई थंडी म्हनं."

उन्हानं फलाटावर पाय ठरत नव्हता. सिस्टरांनी ते तिथंच अंगभर पांघरलं आणि घामाच्या धारांसकट डब्यात चढल्या.

"काढा की, सिस्टर! उकडतंय!" मी ओरडलो.

"उकडू दे."

गाडी हलली. मायाक्काला लांबचं दिसत नव्हतं. ती मला विचारत राहिली, "हाय का रं अजून अंगावर?"

"हाय," मी म्हणालो. गाडी दिसेनाशी झाली, तरी म्हणत राहिलो.