करवंदाच्या लोणच्याला नंबर

आटपाट गाव होतं, खोपोलीच्या अलीकडं. तिथं एक सासू होती, म्हणजे मी. एक सून होती, सुमन. आणि माझा एक धाकटा दीर होता, दामू. तो शिळफाट्याला वेगळा राहायचा आणि वाटणीच्या भांडणापासून आमच्या घरचं पाणीही पीत नव्हता. सरकारी कागदाच्या मागं लागलं की किस्से असे साचतात, की लोणच्याआधी तेच मुरतात.

*

सुमनला करवंदाचं लोणचं मोबाइलवरून परराज्यात विकायचं होतं. बरण्या भरून तयार. कर्जतचा टॅक्सवाला म्हणाला, "आधी जीएसटीचा नंबर काढा."

मी म्हटलं, "बाजारात टोपली घेऊन बसायचे तवा कुणी नंबर विचारला नाय."

"आजी, तिथं तुम्ही दिसत होता."

म्हणजे एवढं लुगडं नेसून समोर बसलेय, तरी नंबराशिवाय सरकारला दिसणार नाही.

*

"नंबर आला की विक्री कळवत राहायची," तो म्हणाला.

"आणि काय विकलंच नाय तर?"

"तेही कळवायचं. नाहीतर दंड."

"त्याला सरकार कशाला? आमची शेजारीण फुकट कळवते."

*

"शिवाय ॲपवाले थोडा कर आधीच कापून भरतील. तो नंतर तुम्हाला हिशेबात मिळेल."

"परत द्यायचा तर कापायचा कशाला?"

"तुम्ही विकताय हे कळावं म्हणून."

सून जागी आहे का बघायला सासू चिमटा काढते, तसं. आपल्यासारखी सासू दिल्लीतही आहे हे ऐकून बरं वाटलं.

*

अर्ज भरला, मग जीएसटीचे साहेब तपासणीला आले. "धंद्याची जागा कुठली?" सुमननं चूल दाखवली. त्यांनी चुलीचा फोटो काढला, दाराचा काढला, घराचा चारी बाजूंनी काढला. जाताना म्हणाले, "आजी, घर तुमच्या दिराच्याही नावावर आहे. आठवड्यात त्यांची संमती आणा, नाहीतर अर्ज बाद."

सुमन बरण्या उचलून आत ठेवायला लागली. "संपलं, आई. काका सही देतायत व्हय?"

*

आमच्या भागात सरकारी माणसानं घराचा फोटो काढला की लोक एकच समजतात, घर रस्त्यात जाणार आणि मोबदला येणार. सकाळी दामू पेढे घेऊन दारात.

"वहिनी, घरावर माझं नाव हाय ना अजून?"

"हाय ना, भावजी. तुमच्या सहीवाचूनच अडलंय."

"कसली सही?"

"सुमन लोणचं विकतेय. त्याला तुमची संमती."

दामूनं डोळा मिचकावला. "हां हां, लोणचं. आना कागद." एक सही मागितली, त्यानं पानापानावर केली.

नंबर आला. पाठोपाठ दामूचा फोन. "सुमन, आलं का गं काय?"

"आलं, काका. इंदूरहून आलं, सुरतेहून आलं. आता करवंदं पुरंनात."

दामू हळूच म्हणाला, "फोनवर एवढं उघड बोलू नको गं."