भगवाननं बनवलेली पॅनलं

तीन माणसं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं बसली की टेबलाखाली शिशाचे थेंब साचतात, तसे किस्सेही साचतात. थेंब मी मागच्या दिवाळीत खरवडून काढले. किस्से निघत नाहीत. कुणी भेटलं, चहा आला, की एखादा सांगायला घेतो. समोरचा हसतो, मीही हसतो, आणि मधेच कुठंतरी किस्सा अर्धाच राहतो. चहा तसाच गार होतो.

भगवान आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडखळायला नको.

कळमनुरीत बसस्टँडच्या मागं आमचं दुकान. मी पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचो, युसूफभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. आणि भगवान जवळच्या खेड्यातून रोज सायकल मारत यायचा, तो सोलर पॅनल बनवायला. हो, बनवायला! नव्वदीची अखेर होती. त्याचा मेव्हणा हैदराबादला. तिथल्या सोलरच्या कारखान्यातून नापास झालेले सेल तो वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायचा. निळे, पापडासारखे पातळ, कोपरे उडालेले. भगवान एकेकाला वितळलेल्या शिशाचा डाग देऊन पट्टीनं जोडायचा, खिडकीच्या काचेखाली बसवायचा, कडेनं काच पक्की करायची लांबी भरायचा. झालं पॅनल!

लोडशेडिंगनं पिडलेल्या गावांना तेवढं पुष्कळ होतं. अडचण एकच. पॅनलला करंट कमी यायचा. आमची निम्मी मैत्री त्या कमी करंटच्या मागं धावण्यात गेली.

* * *

पहिलं पॅनल तयार झालं त्या दिवशी भगवाननं पेढे आणले होते. पॅनल उन्हात ठेवलं, मीटर लावलं. काटा पार टोकाला! भगवाननं मला मिठीच मारली. मग बल्ब जोडला. बल्बातली तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

युसूफभाई चष्मा पुसत आले. एकदा मीटर बघितलं, एकदा बल्ब. म्हणाले, "व्होल्टेज हाय, करंट न्हाई. म्हंजे जावई आला, पाटावर बसला, पन घासच उचलंना!"

काच उकलली. माळेच्या मधोमध एक अर्धा तुटलेला सेल. सगळे सेल एकापुढं एक जोडलेले असतात, त्यामुळे एक अर्धा असला की पूर्ण माळेतून अर्धाच करंट जातो.

"काहून बसवलास रे ह्याला?" मी ओरडलो.

"मंग फेकून द्यायचा व्हय?" भगवान म्हणाला. "त्याच्यावर बी ऊन पडूनच राहिलं ना!"

शेवटी त्यानं सगळे तुटके सेल वेगळे काढले आणि नुसत्या तुटक्यांचंच एक छोटं पॅनल केलं. दुकानातला रेडिओ त्याच्यावर चालायचा. बातम्या सांगणारा जरा दमल्यासारखा वाटायचा, पण सांगायचा.

* * *

पावसाळ्यानंतर शिरड शहापूरचे एक रिटायर गुरुजी पॅनल घोंगडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आले. टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "भगवानराव, तुमच्या पॅनलला मोतीबिंदू झालाय."

खरंच! लांबीतून ओल आत शिरली होती. काचेखाली पांढुरकी वाफ धरलेली, पट्ट्या हिरव्या पडलेल्या. करंट निम्म्यावर.

ओल काढायची कशी? युसूफभाईंच्या साडूची बेकरी होती. भगवानच्या डोक्यात आलं, भट्टी जरा निवली की पॅनल आत सरकवायचं. साडू बिचारा हो म्हणाला. पण भट्टी निवायला जेवढा दम धरावा लागतो तेवढा भगवानकडं कुठला! थोड्या वेळानं आतून असा आवाज झाला की बाहेर ब्रेड घ्यायला आलेली बाई किंचाळली. काचेचा चुरा, टोस्टचा चुरा, सगळं एक.

साडूनं ट्रे बाहेर ओढून एक टोस्ट उचलला. मग हळूच म्हणाला, "भाई, हे टोस्ट खाल्ले तर करंट लागंल का?"

गुरुजींना भगवाननं नवं पॅनल करून दिलं, स्वतः शिरड शहापूरला नेऊन बसवलं. परत आला तेव्हा पाय सुजलेले होते. आम्ही म्हणालो, सायकल कमी चालव.

* * *

एका तांड्यावरची म्हातारी. तिला सगळे याडी म्हणायचे, याडी म्हणजे आई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, दोन नातवंडं तिच्यापाशी. पोरांना अंधाराची भीती वाटते म्हणून तिनं पॅनल घेतलं होतं. उन्हाळ्यात निरोप आला, दिवा लवकर विझतो.

भगवान आणि मी भर उन्हात टेकडी चढून गेलो. वर बघितलं तर पॅनलवर कुरडयाच कुरडया! काच एवढी स्वच्छ, एवढी तापलेली. म्हातारीला वाटलं, ह्याच्याहून चांगली जागा कुठली?

"याडी, कुरडया काढ गं! खाली सेलला ऊन कसं लागंल?"

"लय लवकर वाळून राहिल्या, बाबा," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला तकलीफ होते का?"

भगवान एवढा हसला की तिथंच खाली बसला. मग दोघांनी मिळून कुरडया बाजेवर पसरल्या. येताना त्यानं तिला पिशवीतली एक फुटकी काच देऊन टाकली, कडा घासून. म्हणाला, "ही कुरडयांची. ती दिव्याची. अदलाबदल करू नकोस."

तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात याडी बाजाराच्या दिवशी दुकानात आली. त्याच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत बसली. आम्ही चहा मागवला, तो तिनं घेतला नाही. जाताना एक पिशवी टेबलावर ठेवून गेली. घरी नेऊन उघडली, तर कुरडया. आमच्या घरी त्या कुणी तळल्या नाहीत.

* * *

एकदा नवंकोरं पॅनल आठवड्यात परत आलं. करंट कमी. भगवान त्या दिवशी लवकर घरी गेला होता, म्हणून युसूफभाईंनीच काच उकलली. बघतात तर डाग कच्चे. शिसं पट्टीवर नुसतं बसलेलं, धरलेलंच नाही. एक नाही, ओळीनं चार-पाच.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. भगवानचा डाग कच्चा? सेल तुटतील, काच फुटेल, पण त्याचा डाग कधी सुटलेला नव्हता.

युसूफभाई भाजलेल्या पोराला फुंकर घालावी तसे एकेक डाग नव्यानं देत बसले. काच बसवली, पॅनल जसंच्या तसं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी भगवान आला. पॅनल उन्हाला धरून न्याहाळलं. "ह्यो डाग माजा न्हाई."

"तुजाच हाय," युसूफभाई म्हणाले.

"भाई, तुमचा डाग गोल येतो. माजा लांबट येतो."

युसूफभाई रेडिओत डोकं घालून बसले. भगवाननं पॅनल खाली ठेवलं आणि दोन्ही हात आमच्यासमोर धरले. बोटं थरथरत होती.

"नांदेडला दाखवून आलो," तो म्हणाला. "दोनी किडन्या गेल्यात म्हणून राहिले डॉक्टर."

* * *

मग नांदेडच्या वाऱ्या सुरू झाल्या. कधी मी जायचो, कधी युसूफभाई. भगवानचे वडील, आबा, दर वेळी असायचेच. आबा म्हणजे कमी बोलणारा, कडक शेतकरी माणूस. मुलाचा हा धंदा त्यांना कधी पटला नव्हता. "ऊन काय इकायची वस्तू हाय?" असं ते आमच्या तोंडावर म्हणायचे, आणि पॅनलकडं पाठ करून बसायचे.

भगवानला डायलिसिसच्या मशीनला जोडलं की तो मशीनच बघत राहायचा. किती वॅटची, आत मोटर कुठली, लाइट गेली तर काय करता, सगळं विचारायचा. एकदा खरंच लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सगळा वॉर्ड श्वास रोखून होता.

मशीनवरचा पोरगा ह्याला ओळखू लागला होता. लाइट आल्यावर गमतीनं म्हणाला, "काय भगवानभाऊ, तुमच्या पॅनलवर हे मशीन चालंल का?"

"चालंल की!" भगवान म्हणाला. "हळू चालंल. पन मला कुठं घाई हाय?"

पोरगा हसला, शेजारच्या कॉटवरचा पेशंट हसला, मीही हसलो. आबा तेवढे उठून बाहेर व्हरांड्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो तर कठड्याला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "जरा हवा खाऊन राहिलो."

भगवान त्या हिवाळ्यात गेला.

* * *

उन्हाळा सरता सरता सुनंदावहिनींचा, भगवानच्या बायकोचा, निरोप आला. घरच्या माळवदावरचं, मातीच्या सपाट छतावरचं, पॅनल नीट चालत नाही. दिवा दिवेलागणीला लागतो आणि पोरीचा अभ्यास होईस्तोवर मिणमिणतो.

मी आणि युसूफभाई गेलो. ते पॅनल भगवाननं स्वतःच्या घरासाठी केलेलं. चांगले, अखंड सेल निवडून. काच पुसली, वायरचे जोड घट्ट केले, बॅटरीत पाणी घातलं. दुपारी मीटर लावलं. करंट अगदी पुरा! आम्ही परत आलो.

चार दिवसांनी पुन्हा निरोप, तीच तक्रार. पुन्हा गेलो, पुन्हा दुपारी मोजलं, पुन्हा पुरा.

युसूफभाई वैतागले. "वहिनी, दुपारला तर बराबर हाय. सकाळच्याला काय होऊन राहिलं ते बघावं लागंल."

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. ऊन नुकतंच वर आलं होतं. शिडीवरून डोकं वर काढलं आणि तिथंच थांबलो.

पॅनलच्या उगवतीच्या बाजूला, अगदी खेटून, आबा बसले होते. पाठ उन्हाकडं, काठी मांडीवर. एक हात पॅनलच्या चौकटीवर ठेवलेला. त्यांच्या पाठीची आणि पटक्याची सावली काचेवर आडवी पडली होती. निम्मे सेल अंधारात.

आम्ही खाली आलो. वहिनी चुलीपाशी होत्या.

"रोज बसतात?" मी विचारलं.

"हे गेल्यापास्न," वहिनी म्हणाल्या. "उठले की वर जातात. जेवायलाच उतरतात." मग आमची तोंडं बघून त्यांच्या लक्षात आलं. "त्याच्यामुळं होय? मंग... सांगू का त्यांना, सरकून बसा म्हणून?"

"नको," युसूफभाई म्हणाले.

आबा जेवायला उतरले तेव्हा आम्ही वर गेलो. नट खोलले, पॅनल उचललं आणि माळवदाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. वायर लांबवली. घामानं भिजून खाली आलो तर आबा हात धुऊन ओसरीवर बसलेले.

"काय झालतं रं?"

"वायर ढिली होती, आबा," युसूफभाई म्हणाले.

"आता बराबर हाय?"

"एकदम बराबर."

आबांनी मान हलवली. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात गावातला एक जण दुकानात आला. म्हणाला, सुनंदावहिनींनी सांगितलंय, करंट परत कमी येऊन राहिला.

युसूफभाईंनी मीटर उचललं. जरा वेळ हातात धरलं, आणि परत फळीवर ठेवून दिलं.

"राहू दे म्हनावं."