आमच्या गल्लीत झडप बंद

मकबूल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. एका हातात जिलेबी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर त्याची थोरली बहीण, रझियाआपा. "शेठ, मकबूल गेला रे. वेल्डिंग करता करता खाली बसला, तो उठलाच न्हाई." जिलेबी ठेवावी की टाकावी हेही सुचेना... शेवटी ती खिशात घालून मी लातूरची गाडी पकडली. पाकाने चिकटलेला माझा खिसा मकबूलने पाहिला असता, तर तो किस्सा महिनाभर गल्लीला पुरवला असता. आता काही आठवडे झाले, पण एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी मधेच उठून फाटकापर्यंत जाऊन येतो.

लातुरात आमची दुकानं समोरासमोर. माझं किराणा, त्याचं सायलेन्सरचं. भूकंपाच्या आधी मकबूल म्हणजे आवाजाचा बादशहा! सायलेन्सरच्या पोटात आवाज दाबणारी नळी असते. ती तो अशा सफाईने उपसायचा की मरतुकडी फटफटीसुद्धा ट्रकच्या थाटात बोलू लागायची. मग भूकंप झाला. औशाकडच्या खेड्यात आपाचं दगडामातीचं घर बसलं. नवरा त्यात गेला, ती वाचली. मकबूल तिला घेऊन आला, पण ती छताखाली पाऊल टाकेना. दुकानासमोर कडुलिंबाखाली तिने बाज टाकली. तेव्हा सगळी गल्लीच बाहेर झोपायची म्हणा. ज्यांना घरात शिरल्यावाचून गत्यंतर नसे, ते दाराशी स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचत. पेले पडले की पळायचं, असा साधा हिशेब.

एका सकाळी मकबूलने ताजा उपसलेला सायलेन्सर लावून गाडीला किक मारली, आणि घराघरातले पेले धडाधड कोसळले! अख्खी गल्ली रस्त्यावर. कुणी कणकेच्या हातांनी, कुणी एका गालावर दाढी ठेवून. मी अंगावर साबणाचा फेस आणि एक पंचा एवढ्या ऐवजासकट. खरं कळल्यावर लोकांनी मकबूलच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग सगळे हसत सुटले. फक्त आपा दिसेना. ती अनवाणी पार मोठ्या रस्त्यापर्यंत पळाली होती. मकबूलने तिला हाताला धरून आणलं, बाजेवर बसवलं, आणि ती नळी सायलेन्सरमध्ये परत ठोकून बसवली.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. आपाने आत झोपायला हवं. त्याने दुकान आणि त्यामागचं घर, दोन्हींवरचा स्लॅब फोडून पत्रे टाकले. "आपा, पत्रा पडला तर टेंगूळ येतं, माणूस मरत न्हाई!" "टेंगूळ तुलाच लखलाभ," आपा म्हणाली. वर्षं गेली, गल्ली पुन्हा घरात झोपू लागली. आपाची बाज लिंबाखालीच. पाऊस आला तर दुकानाच्या पायरीपर्यंत, त्याच्या आत नाही. रोज दुकान बंद करताना तो विचारायचा, "आपा, आज आत?" आणि ती म्हणायची, "उद्या."

मग कोचिंग क्लासचं पीक आलं. हदगाव, धर्माबाद, रेणापूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली, आणि काही हौशी बापांनी त्यांना मोटारसायकली घेऊन दिल्या. एक हदगावकर मकबूलसमोर उभा राहिला.

"मामा, ह्याचा कॅट काढून टाका. आवाज मोकळा झाला पायजे."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातलं विष कमी करणारी, मधाच्या पोळ्यासारखी जाळी.

"डॉक्टर व्हायला आलास ना बे?"

"हाव."

"ती बाजेवरची बाई दिसून राहिली का? तुझा धूर आधी तिच्या नाकात जाणार. जाळी निघणार न्हाई."

"मग आवाज?"

"आवाज देतो. माझ्या अटीवर."

त्याने जाळीच्या मागच्या नळीला झडप बसवली, आणि तिची तार हँडलपर्यंत नेली. झडप उघडली की गर्जना, मिटली की गाडी गरीब गाय. अट एवढीच, आमच्या गल्लीत झडप बंद. मी म्हटलं, "मकबूल, हे कायद्यात बसत न्हाई." तो म्हणाला, "शेठ, कायदा गल्लीत आला तर झडप बंदच दिसंल की!" एकदा तोच हदगावकर झडप उघडी टाकून आला आणि आपा बाजेवरून उठून पळाली. मकबूलने भर रस्त्यात त्याची तार कापली. "आता बापाला घेऊन ये." बाप काही आला नाही, पोरगं मात्र धडा शिकलं. पुढे ते गल्लीत शिरताना गाडी बंद करून ढकलत आणायचं...

परवा दुपारी राहवलं नाही, म्हणून मकबूलच्या दुकानाकडे गेलो. लिंबाखाली बाज नव्हती. आत डोकावलो, तर पत्र्याखाली, टांगलेल्या सायलेन्सरांच्या रांगेत, आपा बाजेवर आडवी.

"आपा... आत?"

"त्याची हत्यारं उघडी टाकून कसं चालंल? राखण करून राहिले." मग म्हणाली, "आन् हे दुकान हाय. घर थोडंच हाय?"

मी स्टुलावर टेकलो, तेवढ्यात बाहेरून लोखंडाने भरलेला ट्रक गेला. पत्रे थरथरले, सायलेन्सर एकमेकांवर खणाखणा आपटले, आणि मला कळायच्या आत मी रस्त्यावर उभा होतो.

आतून आपाचा आवाज आला. ती उठलीसुद्धा नव्हती.

"शेठ, ट्रक हाय तो. ये आत."