मिरीचा ढीग

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली, आता सांगतो. तरुणपणी जुन्नरहून मिरी घ्यायला कोकणकिनाऱ्यावरच्या एका गावी गेलो आणि बागायतदाराकडे उतरलो. त्याचा म्हातारा गडी अंगणात वाळत घातलेली ओली मिरी अनवाणी पायांनी चाळवायचा. मागे नांगरटीसारख्या सरळ रेघा उमटत. एका संध्याकाळी, आमच्या डोंगरात हिरडा झाकतात तसा, मी मोठ्या विश्वासाने तिचा ढीग करून वर घोंगडी टाकली. सकाळी ढीग आतून तापून मिरी नासली होती, तिला कुबट वास येत होता.

म्हाताऱ्याने घोंगडी घडी घालून माझ्या हाती दिली. "तुमच्याकडे असंच झाकतात वाटतं, पाहुणे?" तो हसला.

मालकाने येऊन विचारलं, "ढीग कोणी केला?"

"मीच," म्हातारा म्हणाला. त्याची चाकरी गेली.

कुंपणापर्यंत मी त्याच्यासोबत चाललो. "मला माफ करा," एवढं काही तोंडातून निघालं नाही.